बाटीचं मूळ

बबिताच्या सासऱ्यांना, रूपसिंगांना, जंगलातलं काही म्हणजे काही कळत नाही, हे अख्ख्या बंजारा तांड्याला ठाऊक होतं. जन्मभर त्यांनी नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक हाकला. कुठल्या ढाब्यावर डाळीला फोडणी बरी बसते, कुठल्या चढावर इंजिन तापतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. झाडांपैकी ते दोनच ओळखायचे. एक साग आणि दुसरा पळस, तोही फुललेला असला तर. म्हातारपणी ट्रक सुटला, तेव्हा कापूस वाहायला त्यांनी छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, घेतला. शेतात गवत हललं तरी साप असेल म्हणून ते बांधावरूनच मुलाला ओरडायचे, "शाम, पहिले काठी आपट रे!" आणि असा हा माणूस टीव्हीवर जंगलातला जाणता बाबा झाला. तेव्हापासून बबिताच्या डोक्याला जो ताप लागला तो आजपर्यंत उतरलेला नाही.

बबिता त्याच तांड्याची आशाताई. बाळंतपणं, लसी, गोळ्या ही कामं होतीच, पण तिने जिवाचं रान केलं होतं ते साप चावलेल्यांसाठी. कापसाच्या हंगामात वर्षाला कोणी ना कोणी चावून घ्यायचंच. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही, चालवत न्यायचं नाही, गाडीत घालून थेट पांढरकवड्याचा सरकारी दवाखाना गाठायचा, एवढं लोकांच्या गळी उतरवायला तिचा घसा बसला होता. लोक मांत्रिकाकडे जायचे, ती त्यांच्या मागे मांत्रिकाच्या दारात जाऊन भांडायची. हळूहळू लोकांना पटू लागलं होतं. शेजारच्या गंगीचा नवरा तर वेळेवर दवाखान्यात नेला म्हणून आज बिड्या ओढत अंगणात बसायचा. बबिताला त्याचा खोकला ऐकूनसुद्धा बरं वाटायचं.

त्यात उन्हाळ्यात टीव्हीवरचे 'जंगल में अकेला'वाले आले. अकेला म्हणजे कॅप्टन रुद्र. या एकट्या माणसाबरोबर दोन बसगाड्या, एक जनरेटर आणि स्वयंपाकाचं वेगळं वाहन होतं. दिवसभर तो ओढ्याच्या चिखलात लोळायचा, तोंडात किडा धरायचा, कॅमेरा बंद झाला की थुंकायचा आणि ऊन कललं की हायवेवरच्या एसी हॉटेलात निघून जायचा. हा कुठल्या फौजेत कॅप्टन होता, असं बबिताने शूटिंगला मांडव घालणाऱ्या मांडववाल्याला विचारलं.

"फौज कायची, ताई," मांडववाला म्हणाला, "क्रिकेटच्या टीमचा कॅप्टन असन."

कार्यक्रमात साप चावण्याचा भाग होता आणि त्यासाठी त्यांना जंगलातला एक जाणता म्हातारा हवा होता. आधी ते कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर गेले. तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं, साप चावला तर तुम्ही काय करता? तो म्हणाला, पोराला फोन करतो, तो मोटरसायकल आणतो, आम्ही दवाखान्यात जातो. हे उत्तर काही कार्यक्रमात बसेना. मग ती मंडळी तांड्यावर आली आणि खाटेवर बसलेल्या रूपसिंगांच्या पांढऱ्या मिशा बघून त्यांचे डोळे लकाकले.

त्यांनी रूपसिंगांचा सदरा काढला, छातीला राख फासली आणि डोक्यात पिसं खोवली. पिसं कुठली, तर गंगीच्या लाल कोंबड्याच्या शेपटीतली. तो कोंबडा पुढे कित्येक दिवस मागून उघडा फिरत होता. बंजाऱ्यांचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरले, पण डोक्यात पिसं खोवून कोणी फिरलं नव्हतं. बबिताने तसं सांगून पाहिलं. त्यावर शूटिंगवाल्यांतली एक टोपीवाली मुलगी गोड हसून म्हणाली, "लुक अच्छा आ रहा है, दीदी."

रूपसिंगांना काय बोलायचं ते कोणी सांगितलंच नाही. तुमच्या भाषेत काहीही बोला, आम्ही नंतर आवाज भरू, एवढंच म्हणाले. म्हातारा सकाळपासून उपाशी होता. जेवणाचं वाहन टेकडीखाली उभं होतं. ते खाली बोट दाखवून, चिडून, पुन्हा पुन्हा गोरबोलीत विचारत राहिले, "बाटी कत छ? बाटी कत छ?"

बंजाऱ्यांच्या घरात भाकरीला बाटी म्हणतात. भाकरी कुठं आहे, एवढंच म्हातारा विचारत होता.

पावसाळ्यात तो भाग लागला तेव्हा अख्खा तांडा बबिताच्या घरात कोंबून बसला होता. पडद्यावर रूपसिंग जमिनीकडे बोट दाखवत होते आणि त्यांच्या तोंडून कोणाचा तरी घोगरा, भारदस्त आवाज येत होता, "इस मिट्टी के नीचे बाटी है. बाटी ज़हर को खींच लेती है." मग कॅप्टन रुद्रने पायावरची लाल रंगवलेली जखम ब्लेडने चिरल्यासारखी केली, चोखली, थुंकली, वर दोरी आवळली आणि एक काळं मूळ बांधून दुसऱ्या सकाळी ताडकन उभा राहिला. ते मूळ म्हणजे बाजारातलं रताळं होतं, मांडववाल्यानेच आणून दिलेलं.

तांडा हसून हसून लोळला. सासूबाईंनी, लालीबाईंनी, तर डोळ्यांतलं पाणी पुसत टोपल्यातली भाकरी उचलून टीव्हीला दाखवली. "घ्या हो, ही पा बाटी!"

बबिताही हसली. रात्री भांडी घासताना मात्र तिचं हसू थांबलं. तांड्याला गोरबोली कळते म्हणून तांडा हसला. बाकीचा मुलूख हसणार नव्हता, तो ते मूळ शोधायला निघणार होता.

आणि झालंही तसंच. पहिला माणूस राजूरहून आला. रूपसिंग घरी नव्हते. तो दारात हात जोडून म्हणाला, "माय, बाटी पायजे." लालीबाईंना वाटलं, बिचारा लांबून उपाशी आला असेल. त्यांनी दोन ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा हातावर ठेवला. त्या माणसाने भाकरी कपाळाला लावल्या, रुमालात बांधल्या आणि तो निघून गेला. त्याने पुढे त्या भाकरींचं काय केलं, हे विचारायची बबिताची हिंमत झाली नाही.

मग लोक येतच राहिले. कोणी आगाऊ घेऊन ठेवायला, कोणी नुसतं दर्शनाला. रूपसिंगांनी पहिल्यांदा नाही-नाही म्हटलं, पण ते तोंडदेखलं. पुढे पुढे ते मिशीला पीळ देऊन खाटेवर बसू लागले. कोणी विचारलं की डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "असते, सगळं असते जंगलात." बबिताच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सुनेने सासऱ्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही आणि आवाज चढवायचा नाही, ही तांड्याची रीत. ती चुलीपाशी उभी राहून सासूला ऐकवायची, म्हणजे ते सासऱ्याला ऐकू जायचं.

"याडी, सांगा बापूले. लोक मरतीन एखाद्या दिवशी."

बाहेरून उत्तर यायचं, "म्या काय कोणाले औषध देल्लं? दोन घडी बसतात, राम राम करतात. कोणाचं काय जाते?"

नवरा शाम तर त्याहून वरचढ. चॅनलने तो भाग इंटरनेटवरही टाकला होता. त्या व्हिडिओच्या खाली त्याने मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं, 'हे आमचे बापू आहेत', आणि पुढे स्वतःचा मोबाइल नंबर. बबिताने तो काढायला सांगितला तर म्हणे, "अवं, लाखो लोकाईनं पाह्यलं ते!"

शेवटी तिने चॅनलवाल्यांचा नंबर शोधून फोन लावला. पलीकडच्या बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, सुरुवातीलाच सूचना येते ना. कार्यक्रम केवळ मनोरंजनासाठी आहे."

"इंग्रजीत येते," बबिता म्हणाली. "अन् वाचून होण्याआधीच जाते."

"प्रेक्षकांना कळतं, मॅडम."

"नाही कळत! म्या इथं राह्यतो, तुमी नाही राह्यत!"

बाईने तक्रार नोंदवून घेतल्याचं सांगितलं आणि फोनमध्ये गाणं वाजू लागलं. बबिताला तो मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला.

दिवाळीनंतर, कापसाची वेचणी ऐन भरात असताना, एक जीप धूळ उडवत तांड्यात शिरली. मुकुटबनकडचे शेतकरी किसनराव उतरले आणि त्यांच्यामागे दोघांच्या आधाराने त्यांची मुलगी सलोनी. कॉलेजात जाणारी पोर, सुटीत वेचायला गेली होती. घोटा टरारून सुजला होता आणि सूज पोटरीवर चढत होती.

"बाबा, घोणस होती," किसनराव धापा टाकत म्हणाले. "लवकर करा काई."

"आबा, मले दवाखान्यात न्या ना," सलोनी कण्हत होती. "मी कवाची सांगून राह्यली."

बबिता धावत आली. सूज बघून ती किसनरावांवरच उसळली. "इकडं काहून आणलं हिले? सीधं पांढरकवड्याले जा लागत होतं! अर्धा रस्ता त तुमी इकडं वळून वाया घातला!"

"ताई, तुमी बाजूले व्हा. माह्या भावाले नेलतं दवाखान्यात. तो चादरीत बांधून परत आला."

"केव्हा नेलतं? चावल्या चावल्या?"

"पहिले बाहेरचं पाह्यलं. दुसऱ्या दिवशी नेलं. त्याच्यात काय?"

त्याच्यात काय! बबिताला वाटलं, इथेच जमिनीवर बसून कपाळ बडवून घ्यावं. किसनराव वाईट माणूस नव्हते. पोरीसाठी त्यांचा जीव तुटत होता. म्हणूनच त्यांनी खिशातून नवं कोरं ब्लेड काढलं, अगदी कॅप्टन रुद्रसारखं, आणि रूपसिंगांपुढे धरलं.

रूपसिंगांचं तोंड उतरलं होतं. मिशीचा पीळ गेला होता. "भाऊ, मले काही येत नाही," ते म्हणाले. "खरं सांगतो. मी डायवर हाव."

"जाणते लोक असेच बोलतात, बाबा."

"अरे, ते खोटं होतं सगळं! म्या भाकर मागत होतो!"

"परीक्षा नका पाहू, बाबा. पोट्टीचा जीव हाय." आणि किसनराव त्यांच्या पायांवर पडले.

इतके दिवस बबिताला वाटत होतं की बापू एकदा खरं बोलले की सगळं मिटेल. आज म्हातारा खरं बोलत होता, आणि त्याचा कवडीचा उपयोग नव्हता. किसनरावांनी स्वतःच ब्लेडवरचा कागद सोडला. तेव्हा बबिताच्या डोक्यावरचा पदर कधी पडला, हे तिचं तिलाही कळलं नाही. ती गोरबोलीत सासऱ्यावर कडाडली, म्हणजे किसनरावांना कळू नये आणि घरच्यांना कळावं. खरं सांगून हे ऐकायचे नाहीत, बापू. जे सोंग इतके दिवस मिरवलं, तेच आता घ्या, आणि गाडीची चाबी काढा.

 रूपसिंग उठले, टीव्हीवर उभे राहिले होते तसेच ताठ उभे राहिले आणि रस्त्याकडे बोट करून गरजले, "बाटी कत छ! बाटी कत छ!"

किसनरावांच्या हातातलं ब्लेड खाली पडलं.

"बाटी इथं नाही," रूपसिंग म्हणाले. "पांढरकवड्याले हाय, दवाखान्याच्या मांगं. तिथंच लावा लागते, अंगाले चीर पडली त चालत नाही. पोरीले माह्या गाडीत पुढं बसवा. चला!"

त्यानंतर म्हाताऱ्याने गाडी जी हाणली, ती बघण्यासारखी होती. किसनरावांची जीप मागे कुठल्या कुठे राहिली. कुठला खड्डा टाळायचा आणि कुठला घ्यायचा, कुठल्या वळणावर हॉर्न दाबून धरायचा, सगळं हातात होतं. बबिता सलोनीचा पाय मांडीवर स्थिर धरून बसली होती आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला सासऱ्याचा अभिमान वाटत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला, रक्त तपासलं आणि विषावरचं इंजेक्शन सलाइनमधून सुरू केलं. पोर वाचली.

ती घरी जायला निघाली त्या दिवशी बबिता तिला बघायला गेली, सोबत रूपसिंग होते. किसनरावांनी नारळ आणि उपरणं आणून ठेवलंच होतं. ते पुन्हा रूपसिंगांच्या पायांवर पडले.

"डॉक्टरनं सुई टोचली, ते ठीक हाय. पण बाटी तुमी मांगच्या मांगं लावली, मले समजते."

"म्या काय लावलं, भाऊ? म्या बाहेर टपरीवर चहा पेत होतो!"

"आबा, इंजेक्शननं वाचली मी," सलोनी म्हणाली. "डॉक्टरले विचारा ना."

"तू चूप बस. तुले शुद्ध होती काय?"

सलोनीने बबिताकडे पाहिलं आणि दोघींनी एकदमच कपाळाला हात लावला. गावी गेल्यावर किसनरावांनी काय सांगितलं असेल, ते वेगळं सांगायला नको. बाबा साप चावलेल्या माणसाला गाडीत घालून गुप्त जागी नेतात, ही नवीच कथा सुरू झाली. पुढच्या आठवड्यांत आणखी लोक आले. त्यातल्या एकाला खरोखर साप चावलेला होता, त्यालाही तसंच दवाखान्यात पोचवलं. रूपसिंग म्हणू लागले, "पोहोचतात ना लोक दवाखान्यात? मंग झालं तर." बबितालाही नाइलाजाने वाटू लागलं होतं, असू दे, डिझेल घरचं गेलं तर गेलं.

मग एका दुपारी, जेवणं चालू असताना, शामचा मोबाइल वाजला. त्याने स्पीकर लावला. कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्यातला माणूस बोलत होता. व्हिडिओखाली नंबर मिळाला म्हणाला.

"मूळ लावलं जी. आमच्याकडं एक काळं मूळ असतं, तेच असंल ना बाटी? चीर पण दिली. किती वेळानं उतरतं? पोरगं डोळे उघडंना झालंय."

बबिताने मोबाइल हिसकावला. "अहो, दवाखान्यात न्या त्याला! आत्ताच्या आत्ता! मूळबीळ काही नसतं!"

"तुम्ही कोण? बाबांना द्या."

रूपसिंगांनी फोन घेतला. घास तोंडातच होता. "मीच तो. ऐक भाऊ, मी डायवर हाव. मले काही येत नाही. बाटी म्हंजे भाकर. पोराले उचल अन्—"

"चेष्टा कशाला करताय हो? बाबांना द्या म्हटलं ना!" आणि फोन बंद झाला.

शामने परत लावला. रिंग जात राहिली. परत लावला. मग तो नंबर लागेचना. त्या पोराचं नाव काय, गाव कुठलं, तो जगला की गेला, हे या घराला आजवर कळलेलं नाही. रूपसिंगांनी ताट बाजूला सारलं. त्या पोराला गाडीत घालून नेता येणार नव्हतं. फोन करणारा माणूस नुसता पडद्यावर बघणारा होता, आणि असे किती जण होते कोण जाणे.

संध्याकाळी म्हातारा स्वतःहून बबितापाशी आला. "सूनबाई, आता मीच सांगतो सगळ्याईले. काढ व्हिडिओ."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून रूपसिंग छोट्या हत्तीला टेकून उभे राहिले. शामने मोबाइल धरला. त्यांनी सगळं सांगितलं, आधी मराठीत, मग ट्रकवर शिकलेल्या हिंदीत. नाव सांगितलं, धंदा सांगितला, रताळ्याचं सांगितलं. लालीबाईंनी मध्येच येऊन भाकरी कॅमेऱ्यापुढे धरली. शेवटी म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "त्या भाऊचा फोन आलता. तुमच्या पाया पडतो, साप चावला त दवाखान्यात जा. माह्या भरवशावर राहू नका." बबिताचे डोळे भरून आले. आता झालं, असं तिला वाटलं.

शामने त्या जुन्या व्हिडिओखाली हा नवा जोडून टाकला. दोन दिवसांनी तिघं अंगणात खाली काय काय लिहून आलंय ते वाचायला बसली. शाम मोठ्याने वाचत होता आणि त्याचा आवाज बारीक होत चालला होता.

'हा तो बाबा नाही. चेहरा मिळताजुळता घेतला आहे.'

'इंजेक्शनवाल्यांनी पैसे देऊन उभा केलेला माणूस. सावध राहा.'

'ओरिजनल बाबा सदरा घालत नाहीत आणि त्यांच्या डोक्यात पिसं असतात. नीट बघा.'

'खरे बाबा कुठे भेटतील? अर्जंट आहे.'

रूपसिंग स्वतःच्या सदऱ्याकडे बघू लागले, जणू चूक त्या सदऱ्याचीच होती. "आता?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका लहान झालेला बबिताने कधी ऐकला नव्हता.

 संतापाने बबिताला रडू येत होतं आणि रडायचं तर तिला मुळीच नव्हतं. तिने कुंपणापलीकडे पाहिलं. तिथे गंगीचा लाल कोंबडा उकिरड्यावर उभा होता. त्याची शेपटी पुन्हा पहिल्यासारखी भरून आली होती, चांगली लांब आणि झुपकेदार.

बबिताने पदर कमरेला खोचला.

"गंगे, तुहा कोंबडा धर वो जरा," ती ओरडली. मग चुलीतली राख आणायला आत जाता जाता सासऱ्याकडे वळून म्हणाली, "बापू, सदरा काढा."